बिनमरणाचा ग्रीस

मुलांच्या त्या दवाखान्यात तिसऱ्या मजल्यावर एक शाळा होती. शाळा म्हणजे काय, तर एक्स-रेच्या जुन्या खोलीत मांडलेली चार बाकं, चाकांवरचा एक फळा आणि एक बाई. निम्मे विद्यार्थी खाटेवरून उठू शकत नसत, म्हणून फळाच त्यांच्याकडे जायचा. त्याची चाकं इतकी कुरकुरत, की बाई यायच्या आधी त्यांची वर्दी सगळ्या वॉर्डाला पोचलेली असे. सिस्टरपासून सफाईवाल्यांपर्यंत सगळे त्यांना शाळाबाई म्हणत.

शाळाबाई भित्र्या होत्या. हे कोणी पाठीमागे कुजबुजायची गरज नव्हती, त्या स्वतःच सांगत. फोन वाजला की त्या तो दुसऱ्याला उचलायला लावत. लिफ्टमध्ये त्या कधी पाऊल ठेवत नसत, तिसरा मजला रोज चढून यायच्या आणि वर पोचल्यावर धाप लागली म्हणून आपलं हृदय बिघडलं असेल अशी नवी काळजी करायच्या. त्यांचा नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. तो म्हणायचा, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. आमच्याकडे ब्रह्मराक्षससुद्धा दमून परत गेला."

अशा बाईने दवाखान्यात नोकरी धरावी हेच मुळात आक्रित. पण नोकरी मिळाली तेव्हा त्यांना वाटलं होतं, आपल्याला फक्त शिकवायचंय, औषधपाण्याचं बघणारे दुसरे आहेत. पहिल्याच वर्षी एका मुलाला त्या एका लढाईची गोष्ट रोज थोडी थोडी सांगत होत्या. एका सकाळी फळा ढकलत गेल्या, तर खाटेवर नवी चादर आणि मुलगा नाही. त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. फळा तसाच वळवला, शाळेत आल्या, दार लावलं आणि दुपारपर्यंत खडूंची खोकी लावत बसल्या. त्या दिवसापासून त्यांनी मनाशी एक नियम केला. जे मूल घरी जाणार हे नक्की, त्याला इतिहास जसा घडला तसा सांगायचा. ज्याचं नक्की नाही, त्याच्यासमोर मरणाचं नावही काढायचं नाही.

आता पंचाईत अशी, की शाळाबाई शिकवत ग्रीसचा प्राचीन इतिहास. दवाखान्याच्या शाळेला ठरलेला अभ्यासक्रम नव्हता, मुलं वेगवेगळ्या इयत्तांची असत, आणि ग्रीस हा विषय असा की त्यात सगळेच सारखे अडाणी. शिवाय कॉलेजात असल्यापासून त्यांचा त्यावर जीव होता. पण ग्रीक माणसं काही कमी मरत नाहीत. त्यांच्या इतिहासातून मरण काढायचं म्हणजे कांदा सोलत बसण्यासारखं आहे, शेवटी हातात पाणीच.

तरी शाळाबाईंनी ते करून दाखवलं. नक्की नसलेल्या मुलांसाठी त्यांच्याकडे वेगळा ग्रीस होता. त्यात मॅरेथॉनचा धावपटू धापा टाकत अथेन्सला यायचा, जिंकल्याचा निरोप द्यायचा आणि मग पाणी पिऊन ओट्यावर बसायचा. थर्मोपिलीच्या खिंडीत स्पार्टाचे तीनशे जण तीन दिवस पर्शियाच्या अफाट फौजेला अडवून धरायचे, आणि चौथ्या दिवशी त्यांची बदली व्हायची. सॉक्रेटिसवर खटला चालायचा, तो छान बोलायचा, आणि नेमकी तेव्हाच वॉर्डात जेवणाची गाडी यायची. इतकी वर्षं हे खपून गेलं होतं.

मग वकील आली.

वकील म्हणजे तेरा वर्षांची एक मुलगी, हातापायांच्या काड्या आणि ओठांवर निळसर झाक. हृदयातली एक झडप नीट मिटत नव्हती. हे नाव सिस्टरनी ठेवलेलं, कारण रक्त काढायला गेलं तरी ही आधी विचारायची, "कशासाठी? काल काढलेल्याचं काय झालं?" आई तान्ह्या भावापायी घरी अडकलेली, म्हणून बाप सोबतीला असायचा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा, आणि त्याच्या हाताला ग्रीसचा, म्हणजे त्या दुसऱ्या काळ्या ग्रीसचा वास यायचा.

पहिल्याच दिवशी सिस्टरनी शाळाबाईंना बाजूला घेऊन सांगितलं, "ऑपरेशन केलं नाही तर ही राहत नाही. केलं तर आशा आहे. पण डॉक्टर हमी देत नाहीत."

आणि त्याच संध्याकाळी जिन्यात बापाने गाठलं. "बाई, तिला काही कळू देऊ नका. किरकोळ ऑपरेशन आहे असं सांगितलंय आम्ही. तुम्ही तिला कशात तरी गुंतवून ठेवा."

शाळाबाईंनी लगेच मान हलवली. गुंतवून ठेवणं हेच तर त्यांचं काम होतं.

मुलगी अशी गुंतली की शाळाबाईंनाच आश्चर्य वाटलं. तिला लढायांचं वेड नव्हतं, देवांचंही नव्हतं. तिला आवडलं अथेन्सचं न्यायालय. तिथे न्यायाधीश म्हणून साधी माणसं चिठ्ठ्या टाकून निवडायची, शेकड्यांनी. बोलायची वेळ मोजायला मातीचं भांडं असायचं, त्याच्या बुडाच्या भोकातून पाणी खाली गळायचं, आणि पाणी संपलं की तुमचं बोलणं संपलं. आणि वकील नसायचे, ज्याचं त्याने बोलायचं.

"वकीलच नाहीत?" मुलगी नाराज झाली. "मग ज्याला बोलता येत नाही त्याने काय करायचं?"

"शिकायचं," शाळाबाई म्हणाल्या.

मग दोघींनी सलाईनची रिकामी बाटली मागून घेतली, ती उलटी टांगली आणि खाली ट्रे ठेवला. नळीची चिमटी सोडली की थेंब पडायला लागायचे. न्यायाधीशांच्या मतांसाठी अथेन्सला काशाच्या चकत्या असत, मधल्या दांड्याला आरपार भोक असलेली दोषी ठरवायची, भरीव दांड्याची सोडून द्यायची. इथे इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं चालवली. निम्म्यांना सिस्टरनी कात्रीच्या टोकाने भोक पाडून दिलं. प्रत्येकाला दोन्हीतलं एकेक मिळायचं, टाकायचं मात्र एकच. मत देताना बूच अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरायचं, म्हणजे भोक आहे की नाही हे शेजाऱ्याला दिसत नाही. वॉर्डातल्या मुलांनी या न्यायालयात कोणाकोणावर खटले भरले नाहीत? बेचव लापशीवर भरला, कुरकुरणाऱ्या फळ्यावर भरला. फळा एका मताने सुटला.

ऑपरेशनच्या दिवशी शाळाबाई नेहमीप्रमाणे शाळेचं दार लावून आत बसल्या. ऑपरेशनच्या दिवशी त्या वॉर्डात जात नसत, ट्रॉली गेलेली त्यांना बघवत नसे. पण दारावर थाप पडली. सिस्टर होत्या.

"बाई, तुमच्या वकिलीणबाईंनी घोळ घातला. आज पहाटेपासून काही खायचं नव्हतं. भूल द्यायच्या आधी पोट रिकामं लागतं, हे तिला पढवून ठेवलेलं. आणि तिने आम्हाला दाखवून दाखवून बिस्किटं खाल्लीत. अख्खा पुडा."

शाळाबाई दाराबाहेर आल्या.

"डॉक्टर संतापलेत. परवाची वेळ दिलीय. पण ती म्हणते, परवाही खाईन. बापाने हात जोडले, रागावला, रडला. ती एकच म्हणते, शाळाबाईंना बोलवा. न्यायालय भरवायचंय."

"कोणावर?"

"तुमच्यावर."

वॉर्डात बाटली आधीच टांगलेली होती. न्यायाधीश म्हणून पाच मुलं खाटांवर बसली होती. पाय प्लास्टरमध्ये असलेली एक मुलगी, जिला सगळे पायवाली म्हणत, दम्याचा एक मुलगा, अपेंडिक्स काढलेली जुळी भावंडं, आणि चार वर्षांचा एक जण, ज्याला काय चाललंय ते कळत नव्हतं पण बुचं आवडत होती. मुलगी उशीला टेकून बसली होती. ओठ नेहमीपेक्षा निळे दिसत होते. बाप दाराशी उभा होता. शाळाबाईंना वाटलं, आल्या पावली मागे फिरावं. पण त्या मुलीच्या खाटेसमोर जाऊन उभ्या राहिल्या.

मुलीने चिमटी सोडली. थेंब पडू लागले.

"आरोप असा आहे," ती म्हणाली. "बाईंनी पायवालीला सांगितलं, थर्मोपिलीचे तीनशे मेले. मला सांगितलं, त्यांची बदली झाली. आमचं दोघींचं त्यावरून भांडण झालं, तेव्हा मला हे समजलं. मग मी सगळ्यांना विचारलं. दम्यावाल्याकडे मॅरेथॉनचा धावपटू निरोप देऊन तिथेच मरतो. जुळ्यांकडे सॉक्रेटिस विष पितो. माझ्याकडे धावपटू पाणी पितो आणि सॉक्रेटिसच्या वेळी जेवण येतं."

कोणीतरी खुदकन हसलं. मुलगी हसली नाही.

"ज्यांना घरी सोडणार आहेत, त्यांच्याकडची माणसं मरतात. माझ्याकडे कोणीच मरत नाही. म्हणजे मला घरी सोडणार नाहीत. म्हणजे ऑपरेशनमध्ये मी मरणार, आणि बाईंना ते माहीत आहे. म्हणून मी ऑपरेशन करणार नाही. माझं बोलणं संपलं. उरलेलं पाणी मला नको."

इतकी वर्षं शाळाबाईंनी मरण झाकलं होतं, आणि झाकायची जागा तेवढी नेमकी दाखवून दिली होती. त्यांना असंच आधीचं एक मूल आठवलं, मग दुसरं, मग आणखी. त्यांच्यापैकी किती जणांनी हा हिशेब मनातल्या मनात केला असेल आणि कोणाला सांगितला नसेल?

सिस्टरनी बाटली पुन्हा भरली. "आता तुमचं पाणी, बाई," मुलगी म्हणाली.

शाळाबाईंनी तोंड उघडलं, पण शब्दाऐवजी हुंदका आला. त्या पदर तोंडाला लावून उभ्या राहिल्या. मुलीने हात लांब करून चिमटी दाबली. थेंब थांबले.

"कायदा वाचून दाखवताना अथेन्सला पाणी थांबवायचे," ती म्हणाली. "रडण्याचाही वेळ धरत नाही. झालं की सांगा."

जरा वेळाने शाळाबाईंनी नाक पुसलं आणि मान हलवली. पाणी सुरू झालं.

"मी खोटं सांगितलं," त्या म्हणाल्या. "पण तू मरणार हे मला माहीत नाही. आईशप्पथ, मला माहीत नाही. कोणालाच माहीत नाही, डॉक्टरांनाही नाही. ज्याचं नक्की असतं त्याला मी सांगते, नक्की नसेल तर सांगत नाही. कारण मला भीती वाटते. मुलाने मरणाचा शब्द ऐकला तर ते माझ्याकडे बघेल, आणि माझ्या तोंडावर त्याला काहीतरी दिसेल. तुला वाटलं मी तुझ्यापासून लपवते. मी मलाच लपवत होते गं."

"ऑपरेशन नाही केलं तर?"

शाळाबाईंनी दाराकडे पाहिलं. बाप मान हलवत होता, नाही, नाही, सांगू नका. शाळाबाईंना वाटलं, आत्ता खोटं बोलले तर ही मुलगी माझं उभ्या जन्मात काही ऐकणार नाही, आणि खरं बोलले तर हा माणूस मला कधी माफ करणार नाही.

"नाही केलं तर तू राहत नाहीस," त्या म्हणाल्या. "हे नक्की आहे. केलं तर आशा आहे. किती, ते कोणी सांगत नाही."

बाप भिंतीला टेकला आणि हळूहळू खाली बसला. मुलगी त्याच्याकडे बघत राहिली.

"बाबा, हे खरं आहे?"

बापाने डोळ्यांवर हात घेतला. "हो गं बाळा."

"मग किरकोळ का म्हणालात?"

"मोठं म्हणायला तोंड उघडेना," तो म्हणाला.

मतं पडली. चार बुचं भोकाची. चार वर्षांच्या न्यायाधीशाने दोन्ही बुचं टाकली, म्हणून त्याचं मत बाद धरलं. शाळाबाई दोषी ठरल्या. अथेन्सला अशा वेळी फिर्यादी आणि आरोपी दोघांनीही शिक्षा सुचवायची असे, हे त्यांनीच शिकवलं होतं.

"मी शाळा सोडून देते," शाळाबाई म्हणाल्या.

"ते तुम्हाला सोपं पडेल," मुलगी म्हणाली. "माझी शिक्षा ऐका. गाळलेले सगळे शेवट सांगायचे, आत्ता. आणि परवा ऑपरेशनच्या दारापर्यंत माझ्याबरोबर यायचं. खोलीत लपून बसायचं नाही."

शाळाबाई खाटेच्या कडेला टेकल्या आणि सांगू लागल्या. धावपटू मेला. तसा कोणी खरंच धावला की नाही याबद्दल जाणत्यांना शंका आहे, हेही सांगितलं, आता खोटं काहीच नको म्हणून. खिंडीतल्या तीनशेंना कळलं होतं, की कोणीतरी शत्रूला मागची वाट दाखवलीय. त्यांच्या राजाने सोबतची बरीच फौज परत पाठवली, आणि ते तीनशे थांबले, तिथेच मेले. मग सॉक्रेटिस. शिक्षा झाली तरी ती लगेच देता आली नाही, कारण एक पवित्र जहाज यात्रेला गेलं होतं, आणि ते परत येईपर्यंत शहरात कोणाला मारायचं नाही असा रिवाज होता. तेवढे दिवस मित्र रोज सकाळी तुरुंगात यायचे, बोलत बसायचे.

"म्हणजे तोपण वाट बघत पडला होता," मुलगी म्हणाली.

"हो. मग जहाज आलं. त्याने विष घेतलं, पाय जड होईपर्यंत खोलीत फेऱ्या मारल्या, आणि आडवा झाला. मित्र रडायला लागले, तर त्यांनाच रागावला."

"त्याला भीती नाही वाटली?"

"लिहिणाऱ्यांनी तसंच लिहून ठेवलंय," शाळाबाई म्हणाल्या. "मला काही ते पटत नाही. मला वाटतं, मित्र समोर होते म्हणून त्याने दाखवली नसेल."

एकदम मुलीचा चेहरा वाकडा झाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती तेरा वर्षांची दिसली. "मला खूप भीती वाटतेय, बाई."

"मलाही," शाळाबाई म्हणाल्या. त्यांनी तिचा हात धरला. दोघींचे हात गार होते. बाप येऊन दुसऱ्या बाजूला बसला आणि त्यानेही काही खोटा धीर दिला नाही.

शेवटी मुलीने उशीखालून बिस्किटांचा दुसरा पुडा काढला आणि पायवालीला दिला. "परवापर्यंत तुझ्याकडे ठेव. नाहीतर खाऊन टाक."

ऑपरेशनच्या सकाळी ट्रॉली लिफ्टमध्ये शिरली. शाळाबाई क्षणभर उंबऱ्याशी घुटमळल्या, मग डोळे मिटून आत शिरल्या आणि दांडीला लटकल्या.

"तुमचं तोंड पांढरं पडलंय," मुलगी पडल्या पडल्या म्हणाली.

"पडू दे."

दाराशी ट्रॉली थांबली. मुलीने बापाचा गाल कुरवाळला, शाळाबाईंकडे पाहिलं, आणि हिरव्या कपड्यांतल्या दोघांनी तिला आत नेलं. मग बाकावर बसून राहणं. शाळाबाईंना आयुष्यभर वाटलेल्या सगळ्या भीत्या एकत्र केल्या तरी त्या बाकावरच्या भीतीची सर त्यांना आली नसती. दार उघडलं की दोघंही उठायचे, आणि सफाईवाला बाहेर यायचा. दुपार कलली. दार पुन्हा उघडलं आणि डॉक्टर बाहेर आले, तेव्हा बापाला उठता येईना. शेवटी पुढे गेल्या त्या शाळाबाई. बोबडी वळली होती, तरी विचारलं त्यांनीच.

मुलगी वाचली. हे आत्ताच सांगून टाकलेलं बरं, कारण शेवट झाकून ठेवला की ऐकणारा मनाशी काय काय धरून बसतो ते आपण पाहिलं. पण वाचली हे कळायला अजून अवकाश होता. डॉक्टर तेव्हा एवढंच म्हणाले, झडप बसलीय, हृदय आपलं आपण चालू झालंय, पण मध्ये एकदा अडलं होतं. येते दोन दिवस काही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना घटकाभर आत सोडलं. काचेच्या खोलीत मुलगी नळ्यांमध्ये पडली होती. घशात नळी असल्यामुळे बोलता येत नव्हतं. डोळे मात्र उघडे होते. बाप वाकला. आदल्या दिवसापासून कोंडलेलं सगळं त्याच्या तोंडून बाहेर पडलं. "झालं, बाळा. संपलं सगळं. आता काही काळजी नाही."

मुलीने ते ऐकलं. मग तिचे डोळे त्याच्यावरून सरकले आणि शाळाबाईंवर येऊन थांबले.

तिला काय विचारायचंय ते शाळाबाईंना कळलं. मान डोलवणं किती सोपं होतं. सवयीने ती डोलायला लागलीच होती. बाप त्यांच्याकडे पाहत होता, डोळ्यांत अक्षरशः भीक होती. यंत्रावरची रेघ वरखाली होत होती. ही रेघ माझ्या एका शब्दाने बिघडली तर, असं त्यांना वाटलं.

"अजून संपलं नाही," शाळाबाई म्हणाल्या. "झडप नीट बसलीय, हे खरं. आज आणि उद्या अवघड आहेत, हेही खरं. मला भीती वाटतेय. मी बाहेर बाकावर आहे, घरी जात नाही."

यंत्राची टिकटिक जरा वाढली. सिस्टर पुढे झाल्या. मुलगी शाळाबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली, एखादी गोष्ट दोनदा तपासून घ्यावी तशी. हळूहळू टिकटिक पहिल्यासारखी झाली. मग तिने डोळे मिटले, आणि दवाखान्यात आल्यापासून पहिल्यांदाच कोणाला काही न विचारता झोपली.